खेळणे कशाला म्हणावे?

(मंडळाच्या दसरा स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज घरोघरी शस्त्रपूजा झाली. कुणाकडे पणजोबांची तलवार असेल, कुणाकडे नुसती विळी आणि पेन. पूजा झाली की तलवार पेटीत जाते, पोरांच्या हाती कुणी देत नाही. शस्त्र कोणते आणि खेळणे कोणते, हे आपल्या घरात ठरलेले आहे. बाजारात मात्र ते ठरलेले नाही.

बेगम बाजारात जा, नाहीतर नुमाइशमध्ये फिरा. प्लास्टिकचे छर्रे उडवणारी काळी पिस्तुले खेळणी म्हणून टांगलेली दिसतात. आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. एकदा वडिलांचे बोट धरून आलेल्या मुलाने असेच पिस्तूल आमच्या कॅशियरवर रोखले. पोरगा हसत होता, पण दारातला गनमन ताडकन उठला होता. पुढे काही झाले नाही. पण त्या क्षणी कोणी 'हे खेळणे आहे का' असे विचारत बसत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

नोटांच्या बाबतीत कायद्याने हे ओळखले आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये दिल्लीत संगम विहारच्या एका एटीएममधून 'चिल्ड्रन बँक'च्या दोन हजाराच्या नोटा निघाल्या होत्या. फसवणूक होईल इतका नोटेसारखा दिसणारा कागद बनवणे हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 489-ई मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 182 मध्ये आहे. म्हणजे नोटेच्या बाबतीत नुसते दिसणेही पुरते. मग बंदुकीच्या बाबतीत का नाही?

आपला 1959 चा शस्त्र कायदा म्हणतो की, जी वस्तू खेळण्याखेरीज दुसऱ्या कामाला येऊच शकत नाही आणि जिचे खरे हत्यार करता येत नाही, ती शस्त्र नव्हे. ठीक आहे. पण छर्रा डोळ्याला लागला, तर ते खेळण्याखेरीजचे काम झाले की नाही?

ब्रिटनमध्ये हाच वाद 'एअरसॉफ्ट'वरून झाला. मोठ्या माणसांचा हा लुटुपुटीच्या लढाईचा खेळ. बंदूक हुबेहूब खऱ्यासारखी, गोळी साधारण 6 मिलिमीटरची प्लास्टिकची. तिथे 2006 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना नकली बंदूक विकणे गुन्हा ठरवले. ऑक्टोबर 2007 पासून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीवर बंदी आली. भडक लाल, पिवळ्या, हिरव्या अशा रंगांच्या किंवा पारदर्शक बंदुकांना सूट मिळाली, तशीच एअरसॉफ्ट खेळाडूंनाही. 2017 मध्ये जोराची मर्यादाही ठरली: एकेक गोळी उडवणारीला 2.5 ज्यूल, सलग उडवणारीला 1.3 ज्यूल. त्याखाली ती अग्निशस्त्र नाही. पण खेळण्यांच्या नियमांत खऱ्या बंदुकीची हुबेहूब नक्कल खेळणे धरली जात नाही. ना शस्त्र, ना खेळणे, असा तिसरा खण त्यांनी केला.

आपल्याकडे ही नोंद अजून सस्पेन्स खात्यातच पडून आहे. सस्पेन्समधली नोंद कधीतरी मार्गी लावावीच लागते, हे बँकवाल्यांना सांगायला नको. ऑक्टोबर 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास 'कार्बाइड गन'ने कितीतरी मुलांचे डोळे जायबंदी झाले. पाइपात कार्बाइड, वर पाणी, मग ठिणगी. तीही पोरांना खेळ म्हणूनच विकली गेली होती.

आम्ही नेमबाजीच्या विरोधात नाही. आपल्या हैदराबादच्या गगन नारंगने 2012 साली लंडनला एअर रायफलमध्येच ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. पण ते शिस्तीत, रेंजवर, प्रशिक्षकासमोर.

म्हणून आमची सूचना आहे की मंडळाने केंद्र सरकारला निवेदन द्यावे. छर्ऱ्याची बंदूक खेळणे म्हणून विकू नये, अठरा वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि खेळण्यातली बंदूक भडक रंगाचीच असावी. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. निवेदनाचे उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर या दिवाळीत नातवाला काही घेताना ते चिन्ह तरी पाहा, आणि काळे पिस्तूल दुकानातच राहू द्या.