वेदना आणि मद्यपान : एचआयव्हीबाधितांसाठी दूरध्वनीवरील समुपदेशन
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस सरळ प्रश्न विचारला होता : दारू पिणाऱ्या माणसाशी फोनवर बोलण्यासाठी संस्थेने पैसा का खर्च करावा? तेवढ्याच रकमेत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतील. प्रश्न रास्त होता आणि आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. आज ते पूर्ण करण्याचा प्रयत्न करतो.

एचआयव्हीवरील औषधे शासनाने मोफत देण्यास १ एप्रिल २००४ रोजी आरंभ केला, तो देशातील अवघ्या आठ रुग्णालयांतून. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. आज आपल्या सोलापुरातच श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात ही औषधे मिळतात, आणि बहुतेकांना दिवसाकाठी एकच गोळी पुरते. ती नियमाने घेणारा मनुष्य दीर्घकाळ जगतो, कामावर जातो, मुलांची लग्ने करतो. परंतु जगण्याबरोबर दुखणीही येतात. सुरुवातीच्या वर्षांत अनेकांना स्टॅव्हुडिन हे औषध द्यावे लागे. त्याने नसांना इजा होत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली आणि पुढे ते आपल्याकडेही थांबले. ज्यांनी ते घेतले त्यांच्यापैकी काहींच्या तळपायांची आग मात्र अजून शमलेली नाही. विषाणूमुळेही नसा दुखावतात. मद्यानेही दुखावतात, ही गोष्ट रुग्णास ठाऊक नसते.

एका यंत्रमाग कामगाराची हकीकत सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दिवसभर मागासमोर उभे राहायचे, संध्याकाळी पायांत निखारे भरल्यासारखे व्हायचे. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळीने भागेना, म्हणून क्वार्टर. क्वार्टरने तास-दोन तास बधिरपणा येई, झोप लागे. पहाटे पुन्हा आग. शिवाय कुणीतरी सांगितले होते की दारू घेतली त्या दिवशी एचआयव्हीची गोळी घेऊ नये, 'अंगावर येते'. म्हणून हे गृहस्थ पिण्याच्या दिवशी गोळी प्रामाणिकपणे चुकवीत. त्यांची समजूत होती की आपण पथ्य पाळतो आहोत! असा समज जगात इतरत्रही आढळला आहे, आणि तो दारूइतकाच घातक आहे. गोळ्या वरचेवर चुकल्या की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. येथे बसलेल्या नातेवाइकांना आमची कळकळीची विनंती आहे : घरचा माणूस प्यायला असला तरी त्या दिवशीची गोळी चुकू देऊ नका. भांडण उद्या करा.

दुखण्याच्या गोळ्यांबाबतही एक इशारा. सध्याच्या एचआयव्हीच्या गोळीत बहुधा टेनोफोव्हिर असते. त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅकसारखी औषधे मनाने घेत राहिल्यास मूत्रपिंडाला धोका संभवतो. त्यात मद्याची भर पडली तर जठरालाही. म्हणजे वेदना, दारू आणि गोळ्या यांचा विचार एकत्रच करावा लागतो. दारू सोडा म्हणायचे आणि पायांच्या आगीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा उपदेश रुग्ण पहिल्याच भेटीत झटकून टाकतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही.

मग हे फोनवर का? दोन कारणे आहेत. रोजंदारीवरचा माणूस एक दिवस आला तर एक दिवसाची मजुरी बुडते. दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे. जवळचे केंद्र सोडून मुद्दाम दूरच्या केंद्रावर जाणारे रुग्ण आम्ही पाहतो. एसटीने शंभर किलोमीटर जातील, परंतु आपल्या गल्लीतल्या माणसाच्या नजरेस त्या रांगेत पडणार नाहीत. एचआयव्ही कायदा २०१७ साली संमत होऊन सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करण्यास त्याने मनाई केली आहे. गल्लीच्या नजरेला मात्र कायदा पुरा पडत नाही.

बोलण्याने दारू सुटते काय, असे विचारले जाते. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने हानिकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मोजक्या बैठकांत काम केले. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के हानिकारक मद्यपानातून बाहेर आलेले दिसले. न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. आकडा चमत्काराचा नाही, आणि तो अभ्यास एचआयव्हीबाधितांवर वा फोनवर झालेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. एचआयव्ही, चिवट वेदना आणि अतिमद्यपान या तिन्हींचा एकत्र विचार करणारा दृकश्राव्य संवादाचा उपचार अमेरिकेत बॉस्टन येथील संशोधकांनी छोट्या प्रमाणावर आजमावला आहे. आम्ही या दोहोंवरून धडा घेतला.

प्रत्यक्षात समुपदेशक काय करते? ती उपदेश करीत नाही. वेदना केव्हा वाढते, त्याआधी काय घडले, पहिला घोट केव्हा घेतला, हे रुग्णाकडून रोज टिपून घेते. लिहिता न येणारा बोटांवर मोजून सांगतो. मग एकत्र बसून — फोनच्या दोन टोकांना का होईना — काम कसे वाटून घ्यावे, आग वाढली की श्वासाकडे लक्ष कसे न्यावे, पगाराच्या दिवशी घरी कोणत्या रस्त्याने यावे, असे ठरते. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण ठराविक दुकानावरून जाणे टळले की पुष्कळदा ती संध्याकाळच टळते. २०२१ साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' राबवून मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील हातभट्टीवाल्यांना दुसऱ्या उद्योगाकडे वळविण्याचा यत्न केला. पुरवठा घटावा हे चांगलेच. परंतु पायांची आग असेतो माणूस दारूचा नवा पत्ता शोधीत राहतो.

या पद्धतीच्या मर्यादाही लपवीत नाही. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने एकाएकी थांबल्यास कंप, भ्रम, क्वचित फिट येऊन जिवावर बेतते. अशा रुग्णास फोनवर 'आजपासून बंद' असे आम्ही कधीही सांगत नाही; त्यास दाखल करावे लागते. दुसरी अडचण घराची. एका खोलीत सहा माणसे आणि फोन एकच, तोही मुलाच्या हातात. म्हणून वेळ रुग्णाने ठरवावयाची, आणि समुपदेशकेने प्रथम एवढेच विचारावयाचे की आता बोलता येईल का. 'नाही' म्हटले तर रुग्णालयाचे नाव न घेता फोन ठेवावयाचा. कोणी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेतून बोलतो, कोणी गच्चीवरून. आणि सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे गाव. विडी वळणाऱ्या मावशींना कंबरेचे दुखणे परक्या भाषेत सांगता येत नाही.

शासनाची टेली-मानस सेवा (१४४१६) १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक आहेत. रात्री-अपरात्री गरज पडल्यास यांचा उपयोग करावा. पण ज्या रुग्णाला त्याच आवाजाशी, आठवड्याच्या त्याच दिवशी, पुन्हा बोलावयाचे आहे त्याच्यासाठी आपली माणसे लागतात.

आमचे मागणे म्हणून इमारतीचे नाही. तेलुगू आणि कन्नड जाणणाऱ्या दोन समुपदेशकांचे वेतन, दार बंद होईल अशी एक खोली, आणि ज्यांच्या फोनमध्ये पैसे नसतात त्यांना आपण होऊन फोन करता यावा एवढी तरतूद, इतकेच विश्वस्तांपुढे ठेवतो. आपले काही प्रश्न असल्यास, विशेषतः गतवर्षी ज्यांनी प्रश्न विचारला त्या सद्गृहस्थांचे, ते ऐकण्यास आम्ही उत्सुक आहोत.