शोमरोनी, उतारशाळा व परगावचा मजूर
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी गतकाळाचे स्मरण करून परमेश्वराचे आभार मानणे हे आपले पहिले कर्तव्य होय, व ते आपण पवित्र मिस्सामध्ये केले आहे. आता आम्ही जे चार शब्द बोलणार आहोत ते आपल्या वेशीच्या आत राहणाऱ्या, परंतु ज्यास कोणी आपला म्हणत नाही अशा मनुष्याविषयी आहेत.

भोसरी हे एके काळी शेतकऱ्यांचे गाव होते. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे या माळावर कारखाने उभे राहिले, आणि मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा दूरदूरच्या मुलुखांतून माणसे पोटासाठी येथे आली. येथे बसलेल्यांपैकी किती घराणी तीन पिढ्यांपूर्वी भोसरीत होती, हा प्रश्न ज्याचा त्याने मनाशी विचारावा. मग परक्यास परका म्हणताना आपली जीभ थोडी अडखळेल.

दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. शोमरोन्याने जखमा बांधल्या, परंतु सर्व काही एकट्याने केले नाही. त्याने जखमी मनुष्यास उतारशाळेत नेले, रक्षकाच्या हाती दोन नाणी ठेवली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन अशी हमी दिली. दया एकाची, जागा दुसऱ्याची आणि दोघांमध्ये विश्वासाचा करार. दुर्बलांच्या रक्षणासाठी राष्ट्रात जी व्यवस्था असावी लागते तिचे बीज येथेच आहे.

ही साखळी तुटली म्हणजे काय होते, ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले. परप्रांतीय मजुरांसाठी 1979 साली कायदा झाला होता. परंतु त्याचा सारा आधार ठेकेदाराच्या परवान्यावर व नोंदवहीवर होता. जो आपल्या पायांनी काम शोधीत आला, त्याचे नाव ना गावच्या दप्तरात, ना शहरच्या. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा असे असंख्य लोक रस्त्याने पायी निघाले. 8 मे 2020 रोजी पहाटे, जालन्याहून मध्य प्रदेशाकडे निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर थकून निजले असता मालगाडीखाली सापडून मरण पावले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. या देशात कायदे नव्हते असे नाही. एका प्रांताचा हात दुसऱ्या प्रांताच्या हातात नव्हता.

त्यानंतर काही हात जुळले, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. 29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आज्ञा केली की, एका गावच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या गावी धान्य मिळण्याची सोय 31 जुलैपर्यंत करावी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला आहे. आता बिहारच्या मजुरास आपला वाटा भोसरीच्या दुकानात घेता येतो, व गावी राहिलेल्या कुटुंबास उरलेला तेथेच मिळू शकतो. 26 ऑगस्ट 2021 पासून ई-श्रम ही असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली असून तीत 30 कोटींहून अधिक नावे आली आहेत.

न्यायाचेही असेच आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतील माणसे व औद्योगिक कामगार यांस फुकट वकील मिळतो; त्यासाठी 15100 हा दूरध्वनी आहे. 1993 च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग झाला, आणि महिला, अल्पसंख्याक, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्या आयोगांचे अध्यक्ष त्यात पदसिद्ध सदस्य म्हणून बसतात. 2019 च्या दुरुस्तीने मागासवर्ग व बालहक्क आयोगांचे अध्यक्ष आणि अपंगांचे मुख्य आयुक्तही त्यात आले. सरकारी नोकराने हक्क मोडला किंवा हक्कांच्या रक्षणात हयगय केली तर आयोगाकडे मराठीतही तक्रार करता येते. तीस शुल्क नाही. मात्र ती वर्षाच्या आत केली पाहिजे.

तथापि कागदावरची साखळी आपोआप ओढली जात नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने स्वतःहून आलेल्या मजुरासही परप्रांतीय मजूर मानले, ही मोठी सुधारणा होय. परंतु तिची ही कलमे जेथे असे 10 किंवा अधिक मजूर आहेत तेथेच लागू पडतात. चार-सहा माणसांच्या लहान कारखान्यातील मजूर पुन्हा बाहेरच उभा राहतो. धान्याच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, आणि भट्टीजवळ व लोखंडावर राबणाऱ्या हाताच्या रेषा अनेकदा झिजलेल्या असतात. यंत्र ओळखीत नाही, म्हणून तो मनुष्य खाली मान घालून परततो. हक्क त्याचाच, परंतु मागावयास तोंड नाही.

येथे कोणी म्हणेल, हे काम सरकारचे, ख्रिस्तसभेचे नव्हे. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी 1891 सालीच आपल्या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न हाती घेऊन त्याचे उत्तर दिले आहे. सरकारचे काम आपण हिसकावून घ्यावयाचे नाही. जखमी मनुष्यास उतारशाळेच्या दारापर्यंत न्यावयाचे आहे.

म्हणून या महोत्सवाची खूण म्हणून आमची एवढीच विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर मंदिराच्या ओसरीवर एक मेज मांडावे. शिकलेल्या तरुण-तरुणींनी तेथे बसावे, आणि कोणत्याही धर्माचा, कोणत्याही भाषेचा माणूस येवो, त्याचा अर्ज भरून द्यावा. ज्याचा भविष्यनिर्वाह निधी वा राज्य विमा कापला जात नाही त्याची ई-श्रममध्ये नोंद करावी. ज्याचे धान्य अडले त्याच्याबरोबर एकाने परिमंडळ कार्यालयात जावे, व तेथेही दाद न लागल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. ज्याची मजुरी बुडाली त्यास विधी सेवेच्या वकिलाकडे न्यावे. आणि शोमरोन्याप्रमाणे पुन्हा येऊन विचारावे, की काम झाले काय?

आपल्यामध्ये कारखानदार आहेत, पर्यवेक्षक आहेत, घरमालक आहेत. त्यांस आम्ही आदरपूर्वक सांगतो: तुमच्याकडील मजुराचे नाव वहीत खरे लिहा व पगार वेळेवर द्या. इतके झाले तर पुष्कळांस कोणत्याही आयोगाचे दार ठोठवावे लागणार नाही.

पवित्र कुटुंबही एकदा रातोरात मिसर देशी परके म्हणून गेले होते. त्यांस तेथे कोणी आसरा दिला, त्याचे नाव शास्त्रात नाही. आपलीही नावे न राहोत. पण या धर्मग्रामाच्या दारातून कोणी परगावचा मनुष्य हक्कावाचून परत गेला नाही, एवढे परमेश्वराच्या दप्तरी लिहिले जावो.