पान रचतांना पाहणें

खिळे जुळवून झाले म्हणजे पूर्वीं छापखान्यांत कच्चें मुद्रित काढीत. वेबपानाचें मुद्रित क्षणोक्षणीं निघतें. गोंदियाजवळच्या फुलचूरचा एखादा विद्यार्थी भातगिरणीचें पान रचीत असेल, तर तो आपल्याच संगणकावर पानें पुरविणारा छोटा सर्व्हर चालवितो, १२७.०.०.१ हा त्याचा घरगुती पत्ता. फाईल जतन होतांच ब्राउझर नवें पान मांडतो. सोय मोठी, पण थोडी फसवी. चित्राच्या नांवांतील इंग्रजी अक्षर लहान कीं मोठें, याकडे विंडोज सहसा काणाडोळा करतें. लिनक्सचा सर्व्हर करीत नाहीं, आणि चित्राची जागा रिकामी राहते.

मराठीची कथा अधिक नाजूक. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं, रचणाऱ्याकडे सुबक दिसणारें पान तो टंक नसलेल्या वाचकापुढें रोमन अक्षरांचा कचरा होऊन येई. आज शब्द शाबूत राहतो; टंक मात्र सर्व्हरवर ठेवला नसेल तर ओळी भलतीकडे तुटतात. ‘दर’ हा शब्द एका ओळींत आणि आंकडा दुसऱ्याच धानापुढें गेला, तर शेतकऱ्यानें काय वाचावें? म्हणून जाणता विद्यार्थी त्याच वाय-फायवरील वडिलांच्या जुन्या मोबाईलवर, संगणकाचा जाळ्यांतील अंकी पत्ता घालून, तेंच पान उघडतो. चूक बहुधा तेथें सांपडते.