पुरावा शाळेतच पुसला जातो

मुख्याध्यापक बंधुभगिनींनो, संचमान्यता, वेतनेतर अनुदान, अशैक्षणिक कामं यांचा आढावा कार्यवाहांच्या छापील अहवालात आहे, तो वाचावा. प्रस्तुत वक्त्याला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि त्यासाठी व्यासपीठ मिळायला बरीच वर्षं गेली.

छळाची तक्रार घेऊन विद्यार्थी पोलिसांकडे पोहोचतो, तेव्हा त्याच्याजवळ पुरावा नसतो. तो शाळेने पुसलेला असतो.

नववीतल्या एका मुलीच्या नावाने कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं. तिचे फोटो, खाली घाणेरडा मजकूर. शाळेने संशयित मुलाला कार्यालयात बोलावून खातं बंद करायला लावलं, मुलीला मेसेज काढून टाकायला सांगितले आणि माफीनामा फाइलला लावला. काही दिवसांतच दुसरं खातं निघालं. वडील मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिला धीर यावा म्हणून प्रस्तुत वक्ताही सोबत होता. ठाणे अंमलदाराने विचारलं, आधीच्या खात्याची लिंक? स्क्रीनशॉट? तारीख, वेळ? उरला होता फक्त माफीनामा. त्यात ‘पुन्हा असे करणार नाही’ एवढंच. कसे, ते कुणी लिहून घेतलंच नव्हतं.

सकाळच्या परिसंवादात एक गट म्हणाला, पोलिसांत गेलं की समोरच्या मुलाचं आयुष्य बरबाद होतं. त्यांनी बाल न्यायाचे २०१६ चे आदर्श नियम उघडावेत. अठरा वर्षांखालच्या मुलावर, गुन्हा निर्घृण असल्याशिवाय किंवा प्रौढांच्या साथीने केलेला असल्याशिवाय, एफआयआर होत नाही. बाल कल्याण पोलीस अधिकारी ठाणे दैनंदिनीत नोंद करतो आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल जोडून बाल न्याय मंडळाला कळवतो. ज्या मुलाची काळजी वाहायची, त्याची काळजी कायद्याने आधीच घेतली आहे. मुलीची कोण घेणार?

दुसऱ्या गटाचं म्हणणं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ए गेलं, आता कलमच उरलं नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, हे खरं; पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेल्या अटकेनंतरच ते प्रकरण न्यायालयात गेलं होतं. पण ६६-सी, ६६-डी, ६६-ई, ६७ जागच्या जागी आहेत. मजकूर मुलाच्या लैंगिक छळाचा असेल, तर ‘शाळेत बघून घेऊ’ म्हणायची सोयच नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे; न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब पोलिसांनी त्याच्या घरी, स्वतः गणवेशात न येता घ्यावा, असंही त्याच कायद्यात आहे. ही गोष्ट किती शाळांनी पालकांना सांगितली?

ठाण्यातही सगळं गोड नाही. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य अजून ऐकू येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावं.

आपल्या मुख्याध्यापक मंडळाने मराठीत तक्रार-अर्जाचा एक नमुना तयार करावा. समिती कोणती, मुदत किती, ते कार्यकारिणी बघेल. पण तोवर एखादं मूल मोबाइल पुढे करील, तेव्हा काही पुसायला लावू नका. लिंक आणि वेळ लिहून घ्या, स्क्रीनशॉट त्याच्याच मोबाइलवर राहू द्या, पुढे कुणाला पाठवू नका. पालकांना बोलवा आणि त्यांच्यासोबत ठाण्यापर्यंत स्वतः चालत जा.