उतारवयातील स्थूलता व व्यायाम



साठी उलटलेल्या मंडळींत स्थूलता आली की पहिला उपाय सुचतो तो उपवासाचा. तो मग साबूदाण्याच्या खिचडीने साजरा होतो, हे निराळे! परंतु केवळ अन्न तोडल्याने मेदाबरोबर स्नायूही झिजतात, आणि जिना चढण्याचे बळ तर स्नायूंतच असते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील १६० स्थूल वृद्धांवर झालेला सहा महिन्यांचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. बेताच्या आहाराबरोबर एका गटास चालण्यासारखा, दुसऱ्यास वजने उचलण्याचा व तिसऱ्यास दोन्ही व्यायाम दिले. तिन्ही गटांचे वजन सुमारे ९ टक्के उतरले. मात्र पहिल्या गटाचे मेदविरहित वजन ५ टक्के घटले, तिसऱ्याचे ३ टक्केच. हालचालींची क्षमताही तिसऱ्याचीच सर्वाधिक वाढली.

तेव्हा सकाळचा फेरफटका चालू ठेवावाच. पण हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठबस करावी, भरलेले तांबे दोन्ही हातांनी वर-खाली करावेत. वरण, उसळ, ताक यांस कात्री लावू नये. ती तूपसाखरेस लावावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून आहार कमी करू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरून घेरी येण्याचा संभव असतो.