जिनिव्हाचा करार आणि वीटभट्टीचा बयाणा

(शेणवा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय शेणव्यात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. युद्ध, सरहद्दी आणि वकिलाती एवढ्यापुरताच हा कायदा असतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु त्यातील एका कराराचा संबंध दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांतून वीटभट्ट्यांकडे निघणाऱ्या कुटुंबांशी थेट येतो.

सक्तीच्या श्रमाविषयीचा हा करार आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९३० साली जिनिव्हा येथे संमत केला. भारताने त्यास मान्यता दिली ती स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये. शिक्षेच्या धाकाने घेतलेले व माणसाने आपखुशीने न पत्करलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, अशी त्यात व्याख्या आहे. ठाणे जिल्ह्याला ती समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबायचे, ही लग्नगड्याची रीत याच जिल्ह्यातली.

मात्र करारास मान्यता दिली म्हणजे आपल्याकडे कायदा झाला, असे होत नाही. त्यासाठी संसदेने वेगळा कायदा करावा लागतो. घटनेच्या २५३व्या अनुच्छेदाने तसा अधिकार तिला दिला आहे. वेठ तर २३व्या अनुच्छेदानेच निषिद्ध होती. तरीही वेठबिगार पद्धती नष्ट करणारा अध्यादेश अंमलात आला २५ ऑक्टोबर १९७५ रोजी, आणि अधिनियम झाला १९७६ मध्ये. एकवीस वर्षे! हे व्याख्यान शासनाच्या मासिकात छापले जाणार आहे, हे ठाऊक असूनही या विलंबाचे समर्थन मला करवत नाही.

अधिनियमाने वेठीचे कर्ज फेडण्याचे दायित्व संपविले. त्यातील एक तरतूद फारशी वाचली जात नाही. आपल्यावरील कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने सांगितले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. मजुराकडे कागद कोठून असणार? ‘पुरावा नाही’ असा शेरा मारून त्याचा अर्ज निकालात काढणे कायद्याला धरून नाही.

‘तो राजीखुशीने बयाणा घेऊन गेला’, हा नेहमीचा युक्तिवाद. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास उत्तर दिले. न्यायमूर्ती भगवती यांच्या निर्णयानुसार भुकेपोटी आलेली अगतिकता हीदेखील सक्तीच होय, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीत घेतलेले काम हे सक्तीचे श्रम होत. शिवाय हा निषेध खासगी मालकालाही लागू आहे. आधुनिक राज्यसंस्थेचे कार्य येथे पालटते. स्वतः वेठ न घेणे एवढ्यावर तिची सुटका नाही. इतर कोणी ती घेत नाही हेही तिने पाहावयाचे असते.

हे पाहणार कोण? कायद्याने जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. पण समितीला वाडीतले कळणार ते आपल्याकडूनच. दिवाळीनंतर हजेरीपटावर कातकरी मुले गैरहजर दिसू लागली, की गुरुजींनी कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले याची चौकशी करावी. बयाणा किती व कोणाकडून घेतला, याची नोंद पंचायतीने ठेवावी. सर्वच भट्ट्यांवर पिळवणूक होते असे माझे म्हणणे नाही. परंतु पावसापूर्वी माणसे परत येतील, तेव्हा हिशेब विचारावा. सहा-सात महिने राबूनही अंगावर बाकी काढली असेल आणि ती फेडण्यासाठी पुढच्या हंगामात त्याच मालकाकडे जाणे भाग असेल, तर ती नोंद त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे लेखी पाठवावी व पोच घ्यावी.