बुलढाण्याचा शरद् आणि इंग्रजी कवींचा 'ऑटम'

इंग्रजी काव्य वाचणाऱ्या मराठी वाचकापुढें 'ऑटम' हा शब्द आला कीं त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती पानगळ. पिवळीं पानें, उघडीं पडत चाललेलीं झाडें, उदासवाणी सायंकाळ. एवढें चित्र मनांत धरून तो पुढें वाचूं लागतो. शब्दकोशांत मात्र त्या शब्दासमोर 'शरद्' असें लिहिलेलें असतें, आणि शरद् म्हटला कीं मराठी मनाला आठवतें तें कोजागिरीचें चांदणें. पानगळ आणि चांदणें यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न बहुधा तसाच राहून जातो. त्याचें उत्तर बुलढाणा जिल्ह्याच्या शेतांत सांपडण्यासारखें आहे. पण त्यापूर्वीं इंग्लंडांतील एका रविवाराकडे वळणें अवश्य आहे.

१९ सप्टेंबर १८१९ रोजीं जॉन कीट्स हा तेवीस वर्षांचा कवि विंचेस्टर गांवाबाहेर इचेन नदीच्या कांठीं फिरावयास गेला, आणि त्या भटकंतींतून त्याची 'टु ऑटम' ही कविता जन्मास आली. दोन दिवसांनीं एका मित्राला धाडलेल्या पत्रांत त्यानें कळविलें कीं, कापणी झालेलीं शेतें आपणांस आजवर एवढीं कधींच आवडलीं नव्हतीं. वसंतांतील गार हिरवळीपेक्षां हीं खुंटांचीं रानें अधिक ऊबदार वाटतात. त्याच्या कवितेंत गळणारें पान नाहीं. तेथें फळांच्या भारानें वाकलेलें झाड आहे, फुगत चाललेला भोपळा आहे, मधानें भरलेलें पोळें आहे, आणि अर्धी कापणी टाकून शेतांतच झोंप लागलेली ऋतूची मूर्ति आहे. कवि आधीं फळ भरतो, मग तें गोळा करतो, आणि अखेरीस रिकाम्या शेतावरचे आवाज ऐकत बसतो. हें वैभव स्वप्नांतलें नव्हे. १८१५ सालीं तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, आणि पुढल्या वर्षीं युरोपांत उन्हाळा असा आलाच नाहीं. पिकें बुडालीं, धान्य महागलें. कीट्सच्या पिढीनें तें वर्ष डोळ्यांनीं पाहिलें होतें.

त्याच ऋतूंत, अवघ्या पांच आठवड्यांनीं, फ्लॉरेन्सजवळ आर्नो नदीकांठच्या राईंत शेलीला पश्चिम वाऱ्यावरील आपली प्रसिद्ध कविता सुचली. तिच्यांत सुगीचा मागमूस नाहीं. आहे तो पानें उधळणारा, जुनें मोडून बीजें विखुरणारा वारा. मराठी वाचकाच्या कल्पनेंतला 'ऑटम' हा बहुतांशीं शेलीचा आहे. कीट्सचा 'ऑटम' त्याच्या दाराशीं उभा असतो, पण ओळखला जात नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांत घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, खामगांव ही पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी सपाटी, तर घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर यांचा चढउताराचा मुलूख. आश्विनांत पाऊस परततो आणि आभाळ धुतल्यासारखें होतें. ज्वारीच्या कणसांत दूध भरून दाणा घट्ट होऊं लागतो, तुरीवर पिवळा फुलोरा येतो, आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कपाशीचीं बोंडें उकलूं लागतात. बाया ओटींत कापूस भरीत ओळींतून पुढें सरकतात; कांहीं दिवसांनीं त्याच झाडांवर नवीं बोंडें उकललेलीं असतात, आणि एकामागून एक वेचे हिंवाळाभर चालतात. कार्तिक-मार्गशीर्षांत ज्वारीला विळा लागतो. खळ्यावर कणसांची रास पडते, शेतांत धसकटें उरतात. कीट्सला आवडलेलें तेंच मोकळें, ऊबदार रान.

या साऱ्यांत पानगळ कोठेंच नाहीं. घाटांतल्या सागाचीं पानें झडावयास माघ उजाडावा लागतो, आणि पळस आपलीं पानें टाकून फुलतो तो फाल्गुनांत. म्हणजे इंग्लंडांत जो एक ऋतु, त्याचे येथें दोन भाग होतात: कीट्सचा कार्तिकांत, शेलीचा शिशिरांत. परिपक्वता आणि अंत एकाच वेळीं येत असल्यानें कीट्सच्या कवितेला जी हुरहूर आहे, ती या मातींत सहजीं उगवत नाहीं. येथील सुगीवर सावली असते ती नापिकीची. १८९९ सालीं पाऊस गेला तेव्हां वऱ्हाडानें ती पुरती भोगली.

या जिल्ह्यानें मराठीला दोन थोर कवि दिले. मलकापुरांत १८७२ सालीं जन्मलेले नारायण मुरलीधर गुप्ते, म्हणजेच 'बी', यांचा 'फुलांची ओंजळ' हा संग्रह १९३४ सालीं निघाला; त्यांच्या चाफ्याला फुलापेक्षां गूढाचा गंध अधिक आहे. मेहकरास वकिली करणारे ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांच्या आवाजांत ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर पोंचली. तिच्यांत रान आहे, पण तें प्रीतीचें रान, विळ्याचें नव्हे. एकंदर मराठी निसर्गकवितेनें आपलें उत्तम दान श्रावणाच्या पदरांत टाकलें. बालकवि हे त्याचे मोठे साक्षी. कालिदासाच्या 'ऋतुसंहारां'त शरद् येते ती पिकलेल्या साळींनीं नटून, पण साळ हें कांहीं या काळ्या जमिनीचें मुख्य पीक नव्हे. ज्वारीची कविता शेजारच्या खानदेशांत, असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या ओठीं आली. पेरणी, कापणी, उपणणी हीं कामें त्यांनीं गाण्यांत आणलीं. पण त्यांचा संग्रह छापून निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं. लिहितां न येणाऱ्या त्या हाताला विळा मात्र ठाऊक होता, आणि हा फरक लहान नाहीं.

तसेंच भुलाबाईच्या गाण्यांचें. वऱ्हाडांतील मुली भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर जाऊन तीं गातात, आणि झांकून आणलेली खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. (खिरापत ओळखतां न येणें हा यजमानीणबाईंचा विजय समजला जातो.) कोजागिरीच्या रात्रीं भुलोजी-भुलाबाईच्या मूर्तींवर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घालतात. शेतांतलें उभें पीक अशा रीतीनें त्या दिवशीं ओसरीवर येतें. संपन्नतेचें याहून सरळ काव्य शोधावयास दूर जाणें नको.

मात्र गेल्या कांहीं दशकांत या शेतांचा रंग पालटला आहे. ज्वारीची पुष्कळशी जागा सोयाबीननें घेतली, आणि या पिकाची रीत निराळी. त्याच्या शेंगा पक्व होतात तशीं पानें पिवळीं पडून झडतात. आश्विनांत कापणीला आलेलें सोयाबीनचें शेत म्हणजे नुसत्या शेंगा धरून उभ्या राहिलेल्या काड्या. इंग्लंडांतल्याप्रमाणें भरणें आणि गळणें आतां येथेंही एकाच पंधरवड्यांत, एकाच वावरांत दिसूं लागलें आहे. परतीचा पाऊस लांबला तर त्याच शेंगांना उभ्या जागीं कोंब फुटतात. आणि ज्या गांवांत ज्वारी पेरलीच जात नाहीं, तेथें भुलाबाईच्या मांडवाचे धांडे कोजागिरीच्या आदल्या दिवशीं बाजारांतून विकत आणावे लागतात.